अडथळ्यांच्या शर्यतीत घोडा कसा ओळखायचा? (ग्रँड नॅशनल समोर ठेवून)

मर्सीकाठ

मंडळी, 2025 च्या नॅशनलच्या आदल्या रात्री इथल्या चौघांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच प्रश्न विचारला होता, "या वेळी कोण?" नाव सांगून मोकळं होणं सोपं असतं. पण नुसतं नाव घेऊन बघायला बसलं की दहा मिनिटांत शर्यत संपते आणि आपल्याला काहीच कळलेलं नसतं. म्हणून हंगाम तापायच्या आत धागा काढतोय. घोडा निवडायचा कसा, यावर मोकळेपणाने बोलू.

ज्यांनी फक्त महालक्ष्मी किंवा पुण्याची रेस पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडंसं. आपल्याकडे सपाट मैदानावरची दौड असते. इंडियन डर्बी 2400 मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची, अडीच मिनिटांत निकाल. लिव्हरपूलजवळच्या एनट्रीला होणारी ग्रँड नॅशनल जवळजवळ 6.9 किलोमीटरची, वाटेत 30 उड्या. सात वर्षांखालचा घोडा तिथे घेतच नाहीत. पळणारे बहुतेक खच्ची केलेले घोडे, आठ-नऊ-दहा वर्षांचे, काही त्याहून म्हातारे. अडथळे मुळात 16. त्यातले 14 दोनदा येतात, 'चेअर' आणि पाण्याची उडी पहिल्या फेरीत एकदाच. 2024 पासून 40 ऐवजी 34 घोडेच सोडतात आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ आणलाय, म्हणजे घोडे भरधाव वेगात त्याच्यावर जाऊन आदळत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: आधी शर्यत वाचा, घोडे नंतर वाचा. आपण उलटं करतो. घोडा आवडतो, त्याचं नाव आवडतं, मागच्या दोन शर्यती जिंकलेल्या दिसतात आणि मग तो या शर्यतीतही चालेल असं आपण धरून चालतो.

एका वर्षी मी शर्यतीच्या सकाळी कोर्सवरून पायी फिरलो. बीचर्स ब्रूकसमोर उभं राहिलं तर तो इतर अडथळ्यांसारखाच वाटतो. वरून स्प्रूसच्या हिरव्या फांद्या खोचलेल्या, हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो आणि हाताला राळेचा वास येतो. आत पूर्वी लाकडाचा गाभा होता, 2013 च्या सुमारास तो काढून लवचीक प्लास्टिकचा केला. मी वळसा घालून पलीकडे गेलो आणि तिथे पोटात गोळा आला. उतरायची जमीन उडी घेतो त्या बाजूपेक्षा खाली आहे. घोड्याला जिथे माती लागेल असं वाटतं तिथे ती नसतेच. जो घोडा उडीनंतर मान खाली घालून पुढे झोकांडतो, त्याचं इथे काय होईल ते डोळ्यांसमोर येतं. पुढे कॅनल टर्न, तिथे उडी मारता मारताच डावीकडे काटकोनात वळायचं. आणि शेवटची उडी झाल्यावर अजून 494 यार्ड बाकी. साडेचारशे मीटर सरळ पळायचं, तेही साडेसहा किलोमीटर संपल्यावर.

म्हणून माझी पहिली चाळणी दमाची. तीन मैलांची शर्यत जिंकलेला प्रत्येक घोडा सव्वाचार मैल टिकतो असं नाही. तो तीन मैलांच्या शेवटी काय करत होता ते बघायचं. पुढे असूनही शेवटच्या फर्लांगात पावलं आखडत असतील तर त्याच्यावर काट. चौथा आला, पण शेवटच्या दोन उड्यांनंतर सहा घोडे मागे टाकत आला, तर त्याच्या नावापुढे खूण. आयरिश, वेल्श, स्कॉटिश नॅशनलमध्ये चांगला धावलेला घोडा असेल तर हा प्रश्न निम्मा सुटतो. आय ॲम मॅक्सिमस 2023 ला आयरिश ग्रँड नॅशनल जिंकला आणि 2024 ला एनट्रीला. दम त्याने आधीच दाखवला होता.

दुसरी चाळणी उड्यांची. घोड्याच्या नावामागे आकडे-अक्षरं असतात ती वाचा. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी पाठीवरून गेला, पी म्हणजे मध्येच थांबवला. एखादा एफ सगळ्यांच्या नशिबी असतो. पण गेल्या सहा-सात शर्यतींत दोन एफ आणि एक यू असेल तर मी पुढे वाचत नाही.

जमीन आणि वजन यांवर पुढच्या प्रतिसादांत बोलतो, हात दुखला.

एम्प्रेसबाग

सुंदर सुरुवात, दादा. पुण्याला वडिलांचं बोट धरून पावसाळी सीझनला जायला लागलो त्याला आता चाळीस वर्षं होतील. रेसचं पुस्तक वाचायला त्यांनीच शिकवलं. आपल्याकडे रेटिंगचा, म्हणजे घोड्याच्या कुवतीला दिलेल्या गुणांचा, एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. चांगल्या घोड्यावर वजन जास्त, कच्च्यावर कमी, म्हणजे सगळे एका रेषेत यावेत. 2400 मीटरला दोन-तीन किलोंनी निकाल फिरलेला मी पाहिलाय. मग जवळजवळ सात किलोमीटर आणि वर तीस उड्या म्हटल्यावर वजनाचं काय होत असेल? आमच्या जुन्या मंडळींत एक समजूत होती की नॅशनलला अकरा स्टोनच्या (एक स्टोन म्हणजे 14 पौंड, साधारण सव्वासहा किलो) वरचा घोडा बघायचाच नाही. अजून तसंच आहे का?

मर्सीकाठ

एम्प्रेसबाग काका, तुमच्या वडिलांनी नेमकी जी गोष्ट शिकवली तीच इथली किल्ली आहे.

वजनाचं सगळ्यात मोठं उदाहरण 1973 चं. क्रिस्प नावाचा ऑस्ट्रेलियन घोडा 12 स्टोन घेऊन सुरुवातीपासून पुढे पळत होता, उड्या अशा की बघत राहावं. शेवटच्या उडीनंतरही बराच पुढे होता. मग त्या 494 यार्डांत त्याचे पाय जड झाले, तो वाकडा जायला लागला, आणि 10 स्टोन 5 पौंड घेतलेल्या रेड रमने त्याला अगदी रेषेपाशी, पाऊण लांबीने (लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) गाठलं. दोघांच्या वजनात 23 पौंडांचा फरक. इथे तीन मैलांना एक पौंड म्हणजे ढोबळमानाने एक लांबी धरतात. रेड रम पुढे 1974 ला स्वतः 12 स्टोन घेऊन जिंकला, 1977 ला तिसऱ्यांदा जिंकला. पण त्या दिवशी श्रेष्ठ घोडा क्रिस्पच होता असं मी आजही म्हणेन.

आता तुमचा अकरा स्टोनचा नियम. तो गेला. 2024 ला आय ॲम मॅक्सिमसने 11 स्टोन 6 घेऊन शर्यत मारली. 2025 ला निक रॉकेट 11 स्टोन 8 घेऊन जिंकला, आणि दुसरा आला तो पुन्हा आय ॲम मॅक्सिमस, सगळ्यात जास्त म्हणजे 11 स्टोन 12 घेऊन. आपल्या हिशोबात 75 किलोंच्या वर! कारण साधं आहे. आता नॅशनलला प्रवेश मिळायलाच घोड्याचं रेटिंग चांगलं वरचं लागतं, त्यामुळे तळातले हलके घोडे उरलेच नाहीत. हलकं वजन म्हणजे फायदा, हे तेव्हाच खरं जेव्हा त्या घोड्याची लायकी वजनापेक्षा जास्त असते.

आणि ती लायकी कुठे सापडते ते सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या धाग्यात हीच बाब सर्वांत कामाची आहे. नॅशनलची वजनं फेब्रुवारीत जाहीर होतात. शर्यत एप्रिलमध्ये. मधल्या काळात घोडा कितीही सुधारला तरी वजन वाढवत नाहीत. म्हणजे फेब्रुवारीनंतर जो घोडा मोठी शर्यत मारतो तो एप्रिलमध्ये स्वस्तात पळतो. 2023 चा कोरॅक रॅम्बलर असाच. वजनं लागल्यावर त्याने मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या मैदानावर अल्टिमा नावाची शर्यत जिंकली, नव्या रेटिंगने वजन लावलं असतं तर त्याला जवळपास दहा पौंड जास्त पडले असते. एनट्रीला तो 10 स्टोन 5 घेऊन आरामात जिंकला.

याच काळात आयर्लंडमध्ये फेअरीहाउसला 'बॉबीजो चेस' नावाची शर्यत असते. 1999 च्या नॅशनल विजेत्याच्या नावाची. हेजहंटरने ती 2005 ला जिंकली आणि नॅशनलही. आय ॲम मॅक्सिमसने 2024 ला दोन्ही. निक रॉकेटने 2025 ला दोन्ही. तो तर त्याआधी जानेवारीत गॉरन पार्कची थायेस्टीस चेसही जिंकला होता, आणि तरी एनट्रीला त्याचा भाव एकाला तेहतीस होता, म्हणजे तो जिंकेल असं बाजाराला फारसं वाटतच नव्हतं! तिन्ही घोडे एकाच ट्रेनरचे, विली मलिन्स यांचे. निक रॉकेटवर त्यांचा मुलगा पॅट्रिक होता, हौशी जॉकी. निकाल लागल्यावर कॅमेऱ्यासमोर बापाला रडू आवरेना. ते दृश्य मी स्टँडमधल्या पडद्यावर पाहिलं, शेजारचा अनोळखी म्हातारा डोळे पुसत होता.

कृष्णाकाठ

आमच्याकडं बैलगाडा शर्यत. बंदी होती तेव्हाची वर्षं काय सांगू, 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली तवा गावात गुलाल उडाला. त्यामुळं जनावर बघायची सवय आहे, इंग्लंडची रेस मात्र यूट्यूबवरच.

मला प्रश्न जमिनीचा. आमच्या घाटात रात्री पाऊस झाला की काही बैल हलतच नाहीत आणि काहींना तवाच जोर चढतो. तिकडं जमिनीला हेवी, सॉफ्ट, गुड टू सॉफ्ट असं काय काय लिहितात. ते मोजतात कसं?

मर्सीकाठ

दादा, शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही, फक्त शब्द बदलायचे. फर्म म्हणजे उन्हाने आवळलेली जमीन. गुड टू सॉफ्ट म्हणजे वाफसा. सॉफ्ट म्हणजे वाफसा यायच्या आधीची, पाय रुतणारी. हेवी म्हणजे रोवणीचं शेत. मोजायला 'गोइंग स्टिक' नावाची काठी असते, ती जमिनीत खुपसून आडवी ओढतात, किती जोर लागला ते तीच सांगते. आणि क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे मैदान सांभाळणारा अधिकारी, स्वतः चालून टाचेने दाबून बघतो.

फरक किती पडतो? 1990 ला कडक जमिनीवर मिस्टर फ्रिस्कने नॅशनल 8 मिनिटं 47.8 सेकंदांत संपवली. 2001 ला पावसाने मैदान रबडी झालं होतं. त्याच कोर्सला रेड मराॅडरला अकरा मिनिटं लागली, आणि शेवटपर्यंत फक्त चार घोडे पोचले. त्यातल्या दोघांवर जॉकी पडल्यानंतर पुन्हा चढले होते. मैदान एकच, पण या दोन शर्यती वेगळ्याच होत्या. म्हणून शुक्रवारी रात्री हवामान बघितल्याशिवाय मी शेवटचं नाव ठरवत नाही. घोड्याची जुनी कामगिरी वाचताना प्रत्येक विजयाशेजारी जमीन कोणती होती ते पेन्सिलने लिहितो. चार विजय चिखलातले आणि कोरड्या जमिनीवर तीनदा मागे, तर तो घोडा चिखलाचा.

डब्लिनची अश्विनी

सगळ्यांना नमस्कार. मर्सीकाठ दादांच्या यादीत एक भर घालते, कारण इथे आयर्लंडमध्ये राहून हेच रोज कानावर पडतं: कोर्स. आवडत्या घोड्याची जुनी रेटिंग बघून लोक डोळे मिटतात.

2025 ची चेल्टनहॅम गोल्ड कप आठवा. गॅलोपाँ दे शाँ सलग तिसऱ्यांदा जिंकणार असं सगळे धरून होते. लेपर्डस्टाउनला आयरिश गोल्ड कप त्याने फेब्रुवारीत सलग तिसऱ्यांदा मारला होता, मी तिथे होते, थंडीने बोटं बधिर झालेली आणि तो मात्र फिरायला निघाल्यासारखा पळत होता. इनोदवेयुरथिंकिन त्या दिवशी त्याच्या मागेच राहिला. पण लेपर्डस्टाउन वेगळं, चेल्टनहॅम वेगळं. तिथे शेवटच्या उडीनंतर चढ आहे. टीव्हीवर तो दिसत नाही, पायांना कळतो. इनोदवेयुरथिंकिन आदल्या वर्षी त्याच चढावर किम म्यूर नावाची शर्यत जिंकला होता, दमाचा घोडा. मालकाने 25,000 पौंड भरून त्याला ऐनवेळी गोल्ड कपमध्ये घातलं. सव्वापाच किलोमीटर, 22 उड्या, आणि चढावर तो सहा लांबी पुढे निघून गेला.

त्याच आठवड्यात चॅम्पियन हर्डल, म्हणजे ठेंगण्या अडथळ्यांची शर्यत. कॉन्स्टिट्यूशन हिल मधेच पडला, मग स्टेट मॅन एकटाच पुढे असताना शेवटच्या हर्डलवर पडला, आणि एकाला पंचवीस भावाची गोल्डन एस जिंकली. स्टेट मॅन पडला तेव्हा स्टँडमध्ये एकदम जी शांतता पसरली ती मी विसरू शकत नाही. भाव कितीही कमी असला, म्हणजे घोडा सगळ्यांना कितीही हमखास वाटला, तरी उडी प्रत्येकाला मारावीच लागते.

आकडेमोड

मी गेल्या काही दशकांच्या विजेत्यांची एक्सेल शीट केली आहे. वय, वजन, शेवटची शर्यत किती दिवसांपूर्वी, सगळं. त्यातून नियम निघतात. उदाहरणार्थ सात वर्षांचा घोडा लगेच बाद. 1940 च्या बोगस्करनंतर कोणी जिंकलाच नव्हता.

मर्सीकाठ

आणि 2022 ला नोबल येट्स सात वर्षांचाच होता, एकाला पन्नास भावाने जिंकला.

मेहनत चांगली आहे, खरंच. मला शीट पाठवा. पण प्रत्येक नियमासमोर 'का' असा एक रकाना घाला. वजनाच्या नियमाचं 'का' संपलं तसा नियमही संपला. सात वर्षांच्या घोड्याचं 'का' काय, तर अनुभव कमी, उड्या कच्च्या. मग थेट उड्याच बघा ना! एखाद्या सात वर्षांच्या घोड्याने मोठ्या गर्दीत पाच-सहा वेळा स्वच्छ उड्या मारल्या असतील तर नुसत्या वयावरून त्याला का काढायचं?

गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्य, घोड्यांवर काही वर्षं काम केलं आहे. पॅडॉकबद्दल लिहितो. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात तेव्हा मी चेहरा सोडून मागचे पाय बघतो. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो का? पडत असेल तर पाठ मोकळी आहे, कुठे आखडलेलं नाही. कान पुढे-मागे हलत असतील तर लक्ष शर्यतीत आहे. मानेवरचा घाम चालतो, एप्रिलमध्ये ऊनही असतं. पण मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल तर तो शर्यतीआधीच निम्मा खर्च झालाय.

आणि एक गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी. 2025 ला सेलेब्र दॅलेन हा 13 वर्षांचा घोडा शेवटच्या टप्प्यापर्यंत पुढच्यांत होता, मग एकदम संपला. तरी त्याला पुढे हाकलला. नंतर तो कोसळला आणि काही दिवसांत गेला. जॉकीला 10 दिवसांची बंदी झाली. दमलेला घोडा कसा दिसतो हे ज्याला निवड करायची आहे त्याला ओळखता आलंच पाहिजे. शेपूट गोल फिरायला लागते, उडीआधी पावलं मोजता येत नाहीत, मान वर-खाली जाते. असा घोडा थांबवणाऱ्या जॉकीच्या नावामागचा 'पी' मला कमीपणाचा वाटत नाही. तो घोडा पुढच्या हंगामात परत दिसतो.

मर्सीकाठ

डॉक्टर, मनापासून आभार. मी वर 'पी' ला एफ आणि यू च्या ओळीत बसवलं होतं, ते चूक. आता जॉकीने कुठे आणि का थांबवला ते बघून ठरवीन.

एम्प्रेसबाग

पैशांचंही बोला थोडं. तिकडे भाव आधीच लावतात म्हणे, महिनोन्‌महिने आधी?

मर्सीकाठ

हो, आणि तिथेच मी पोळलोय. 2025 ला इनोदवेयुरथिंकिनवर मी नॅशनलसाठी आधीच पैसे लावले होते. वजनं लागली होती, मग त्याने गोल्ड कप मारली. माझ्या हिशोबाने याहून स्वस्त घोडा होणारच नव्हता. आणि मग त्याला नॅशनलमधून काढून घेतलं. घोड्यासाठी तो निर्णय योग्य होता. पण आधी लावलेला पैसा, घोडा पळालाच नाही तरी परत मिळत नाही. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे नियम दाखवला. मी तो वाचलाच नव्हता. घरी सांगितलं तेव्हा बायको काही बोलली नाही, त्या महिन्याचा जिमचा हप्ता तिने स्वतः भरला. तेव्हापासून घोडा न पळाल्यास पैसे परत, अशी अट असलेला भाव असेल तरच आधी लावतो, नाहीतर शर्यतीच्या दिवशी. आणि रक्कम एका सिनेमाच्या तिकिटाएवढी.

भावाचा अर्थ मात्र शिकून घ्या. एकाला सात म्हणजे आठातून एकदा जिंकेल असं बाजार म्हणतोय. तुम्हाला तो पाचातून एकदा जिंकेल असं कारणांसकट वाटत असेल तरच तो तुमचा घोडा. 34 घोड्यांत सर्वांत चांगला घोडासुद्धा बहुतेक वेळा हरतो. त्यामुळे मी 'ईच वे' घेतो, निम्मे विनवर, निम्मे प्लेसवर, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर.

आकडेमोड

शीटमध्ये 'का' चा रकाना घातला. 22 नियमांपैकी 9 समोर काही लिहिता आलं नाही. ते काढले. दादा, व्यनि बघा.

कृष्णाकाठ

भारतातून परदेशी साइटवर पैसे लावायचं कुणी मनात आणू नका, कायद्याच्या भानगडीत पडाल. मी तर बघणारच फक्त. आमच्या तालमीतल्या पोरांना घेऊन बसणार आहे, प्रत्येकानं आधी कागदावर तीन नावं आणि कारण लिहायचं. शर्यत आपल्याकडं किती वाजता?

मर्सीकाठ

तिकडे दुपारी चारला सुटते, म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेआठ. वजनं लागली की इथे यादी टाकतो, मग फेब्रुवारीअखेर बॉबीजो बघून तिच्यावर पेन्सिल फिरवू. अश्विनीताई, तुम्ही फेअरीहाउसला जाणार असाल तर जमीन कशी होती ते तेवढं त्याच रात्री लिहा.

डब्लिनची अश्विनी

जाणार आहे. गमबूट घेऊनच.